एकशे चाळीस, एकशे चाळीस

११ जानेवारी १९६०, अमरावती

डॉक्टरीणबाईंनी आज ही डायरी दिली. औषधाच्या कंपनीने त्यांना चार पाठवल्या, त्यातली सगळ्यांत जाड माझ्या वाट्याला आली. "गोदाबाई, रोजचे आकडे हिच्यात लिहायचे. दुसरं काही नाही," असं त्यांनी बजावलं. पहिल्याच पानावर मी दुसरं काही लिहिते आहे. यावरून माझा आज्ञाधारकपणा समजावा.

आकडे कसले ते लिहून ठेवते, म्हणजे उद्या मलाच प्रश्न पडायचा नाही. अनुपमाबाईंच्या या प्रसूतिगृहात मी अकरा वर्षं नर्स आहे. बाईंनी विलायतेच्या मासिकात वाचलं की तिकडे पोटावर एक यंत्र फिरवतात, आवाजाच्या लाटा आत सोडतात, आणि आत एक आहे की दोन ते त्या यंत्रावर उमटतं. एक्स-रेमध्येही कळतं, पण त्याने पोटातल्या लेकराला पुढे अपाय होतो अशी शंका तिकडच्या डॉक्टरांना आली आहे, म्हणून बाईंनी पोटुशी बाईचा एक्स-रे काढायला पाठवणंच बंद केलं. लाटांचं यंत्र अमरावतीला येईल तेव्हा येईल. तोवर यंत्राच्या जागी मी.

रीत सोपी आहे. कर्ण्यासारख्या दोन लाकडी नळ्या. रुंद तोंड पोटाला, अरुंद कानाला. एका कुशीला बाई, दुसऱ्या कुशीला मी. दोघींनी एकाच मिनिटात काळजाचे ठोके मोजायचे. दोन लेकरांची काळजं एका चालीने धावत नाहीत, म्हणून दोघींच्या आकड्यांत दहा-पंधराचा फरक पडला, आणि दर वेळी पडला, तर आत दोघं. आकडे जुळले तर एक.

या कामाला बाईंनी मला निवडलं, कारण मी बायकांच्या भजनी मंडळात खंजिरी वाजवते. "तुमचा लयीचा कान तयार आहे," म्हणाल्या. नवरा गेल्यावर मी नर्सिंग शिकले तेव्हा सासरची माणसं म्हणाली होती की या बाईला ना ताल ना तंत्र. त्यांनी आज यायला हवं होतं.

१३ जानेवारी

पहिला दिवस. कानात नुसता गलका. आईची नाडी, आतड्यांची गुरगुर, वरून माझ्याच छातीची धडधड. दोनदा चुकले. बाई डाव्या मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत होत्या आणि उजव्या हाताच्या बोटाने खाटेच्या दांडीवर ठोका देत मोजत होत्या. त्या बोटाकडे पाहिलं तेव्हा कुठे माझी घडी बसली. मग सुरळीत. बाई १४४, मी १४४.

"वा," बाई म्हणाल्या. अकरा वर्षांत त्या हा शब्द दुसऱ्यांदा बोलल्या. पहिल्यांदा बोलल्या तो उपम्याला.

२४ जानेवारी

आतापर्यंत सात बायका झाल्या. सगळ्यांचे आकडे जुळले. एकदा फक्त दोनाचा फरक आला, तेव्हा मला जांभई आली होती.

संध्याकाळी रुख्मिणीकडे भजन होतं. आमच्या मंडळात रुख्मिणी गाते. आवाज खणखणीत, पण लय कधी बैलगाडीची तर कधी मोटारीची. आज दुसऱ्या कडव्यालाच तिने धूम ठोकली. टाळ मागे पडले, पेटीवाली थांबून पदर सावरायला लागली. मी मात्र तिच्यासोबत. मंडळात माझं नाव आहे ते यासाठीच. गाणारी कुठेही भरकटो, गोदावरी तिला एकटी पडू देत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं की हे असंच ठरलं होतं. चहा पिताना मी बायकांना नळीचं काम सांगितलं. जरा जास्तच सांगितलं. रुख्मिणी म्हणाली, "गोदे, तू आता डॉक्टरच व्हून राहिली." मी नाही म्हटलं नाही.

२ फेब्रुवारी

अचलपुराहून नसीमबानो आली. वय एकोणीस, अंगाने काडी, आठवा लागलेला आणि पोट मात्र नववा उलटल्यासारखं. दीड वर्षापूर्वी पहिलं मूल जन्मतानाच गेलं. नवरा लुगड्यांचा व्यापारी, तो दाराबाहेर उभा. आत सोबत आली ती सासू, बिस्मिल्लाबी. साठीची बाई, हातात चांदीच्या दोन जाड पाटल्या, आणि बसली ती थेट डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत.

"दोन जीव हायेत," तिने बसल्या बसल्या सांगून टाकलं. "माह्या हातानं नऊ येळा जुळे निघाले हायेत. पोट पाह्यलं का कळते मले."

बाईंनी चाचपून पाहिलं. पोट पाण्याने इतकं ताठ होतं की आतलं डोकं कुठलं आणि पाय कुठले, हाताला काही लागेना. मग नळ्या काढल्या. बिस्मिल्लाबीला बाहेर जायला सांगितलं, ती उठली नाही. भिंतीशी उभी राहून आमच्याकडे टक लावून पाहत राहिली. पोटाकडे कमी आणि माझ्याकडे जास्त. इतकी शिकलेली नर्स तिने पाहिली नसेल.

बाई १४०, मी १४०. मध्येच मला ठोके एकदम पुढे पळाल्यासारखे वाटले होते. माझंच लक्ष उडालं असणार, सासू अशी रोखून पाहत होती. बाईंच्या बोटाकडे पाहून लगेच सावरून घेतलं.

नसीमबानोने माझा पदर धरला आणि हळूच विचारलं, "बाई, जित्तं हाय ना?"

"घोड्यावानी दौडून राह्यलं," मी म्हटलं.

३ फेब्रुवारी

बाईंनी आज पुन्हा दोनदा मोजायला लावलं. पहिलं मूल गेलेलं, म्हणून. दोन्ही वेळा १४०, १४०. बाई म्हणाल्या, "एकच मूल आहे, पाणी जास्त आहे. दोन असती तर मी हिला इथून हलू दिलं नसतं, बाळंत होईपर्यंत ठेवून घेतलं असतं. एक आहे तर घरी जाऊ दे." नसीमबानो घरी जायच्या आनंदात. नवऱ्याने दारातूनच आभाळाकडे पाहून हात उचलले.

बाईंनी अचलपूरच्या नर्सबाईंना चिठ्ठी लिहिली आणि इंजेक्शनची एक कुपी दिली. मूल बाहेर आलं की लगेच टोचायची. त्याने गर्भाची पिशवी मुठीसारखी आवळते आणि रक्त थांबतं. ती कुपी मीच कापसात गुंडाळली, वर चिंधी बांधली आणि बिस्मिल्लाबीच्या हातात दिली.

"दोन हायेत," कुपी घेताना ती पुन्हा म्हणाली.

"मावशी, आमी शास्त्रानं मोजलं हाये," मी म्हटलं. हे वाक्य मला इतकं आवडलं की घरी येऊन आरशापुढे एकदा पुन्हा म्हणून पाहिलं.

११ फेब्रुवारी

अकरा बायका पूर्ण. बाई नागपूरच्या डॉक्टरांच्या सभेत हे आकडे वाचणार आहेत. "तुमचं नाव घालू का?" म्हणाल्या. मी "कशाले" म्हटलं, आणि मग आडनावात ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे तेही सांगितलं.

१८ फेब्रुवारी

आज काय झालं ते लिहावंसं वाटत नाही, पण लिहिते.

अंजनगाव सुर्जीची भागीरथा कालपासून दाखल आहे. बाई जेवायला घरी गेल्या होत्या. मी एकटीच नळी घेऊन बसले. मोजले तर १०८. पुन्हा मोजले, १०८. इतके कमी ठोके म्हणजे लेकरू आत घुसमटतंय. मी पळत जाऊन बाईंना ताटावरून उठवलं. त्या खरकट्या हाताने आल्या, हात धुतला, नळी लावली, १४२. मला म्हणाल्या, मोजा. मी मोजले, १०८. एकाच लेकराचे, लागोपाठच्या मिनिटाला.

बाईंनी भिंतीकडे कान दिला आणि हसायलाच लागल्या. "गोदाबाई, ही भागीरथेच्या बाळाची नाडी नाही. ही खुशालरावांच्या गिरणीची आहे."

शेजारी खुशालरावांनी परवा पिठाची गिरणी सुरू केली. तिचं इंजिन भिंतीपलीकडे ठक ठक करत होतं. बाईंनी घड्याळ लावून मोजलं, १०८. भागीरथा पोट धरून हसली. झाडूवाली हसली. मीही हसले, आणि हसता हसताच थांबले.

मी गिरणीचे ठोके मोजले, कारण तेव्हा समोर दुसरं काही नव्हतं. मग बाई समोर असतात तेव्हा मी काय मोजते? महिनाभर मी त्यांच्या बोटाकडे पाहत आले. रुख्मिणीमागे जाते तशी बोटामागे गेले. नळी लावून बाईंची री ओढली, एवढंच. अकरा बायकांपैकी एकीचंही लेकरू मी ऐकलेलं नाही.

आणि नसीमबानोच्या वेळी ते ठोके पुढे पळाले होते. ते पळाले नव्हते. ते दुसरे होते.

ती कुपी. आत दुसरं लेकरू असताना ती टोचली तर पिशवी त्याच्यावरच आवळेल. त्याला बाहेर यायला वाट राहणार नाही. ती मी माझ्या हाताने बांधून दिली, वर गाठ मारून.

१९ फेब्रुवारी

सांगितलं नाही. बाईंना आज खूप काम होतं. आज खूप काम होतं हे खरं आहे, पण रोजच असतं.

मनाशी म्हटलं, कदाचित एकच असेल. कदाचित मी ऐकलं ते आतडं असेल. मग म्हटलं, अजून महिना आहे. जुळी लवकर येतात हे मला माहीत आहे. शिकाऊ मुलींना मीच ते शिकवते.

२० फेब्रुवारी

आजही नाही. बाई नागपूरला वाचायचा कागद टंकून घेऊन आल्या. त्यात माझं नाव आहे. ऱ्हस्व-दीर्घ बरोबर आहे.

मी इतकी हलकट असेन असं मला वाटलं नव्हतं. नाव कागदावरून जाईल म्हणून दोन दिवस एका पोरीचा जीव टांगून ठेवला. दुपारी भात तसाच टाकून उठले. तरी नंतर चिवडा खाल्ला, तेही लिहिते.

२१ फेब्रुवारी

सांगितलं. रविवार, बाहेरचे पेशंट नव्हते. बाई देवपूजा करत होत्या, मी दारातच उभी राहून बोलून टाकलं. "बाई, मी कदीच मोजलं नाही. तुमच्या बोटाकडे पाहून आकडा सांगत होती. नसीमबानोच्या येळी मले दुसरा ठोका आयकू आला होता, मी त्याले चूक समजली."

त्या ओरडतील असं वाटलं होतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हातातलं फूल तसंच धरून बसल्या. मग म्हणाल्या, "कधी कळलं तुम्हाला?"

"गिरणीच्या दिवशी."

"आज तीन दिवस झाले, गोदाबाई." एवढंच. पुढचं मी स्वतःच स्वतःला बोलून घेतलं.

थोड्या वेळाने म्हणाल्या, "बोट मी वाजवत होते. ते मला सुचायला हवं होतं. आकडे इतके जुळतात कसे, हेही." मग उठल्या, मला भागीरथेकडे नेलं, गिरणी बंद ठेवायला खुशालरावांना निरोप धाडला, आणि मला भिंतीकडे तोंड करून बसवलं. पाठीला पाठ. घड्याळाची सुरुवात आणि शेवट झाडूवालीने सांगायचा. बोट वाजवायचं नाही.

पहिले दोन डाव माझे हुकले. कुणाच्या मागे जायचं तेच कळेना. तिसऱ्यांदा डोळे मिटले आणि हळूहळू ते आलं, बारीक, दूरचं, आपल्याच नादात. बाई १४२, मी १३९. पुन्हा. बाई १४५, मी १४६. पहिल्यांदाच न जुळलेले आकडे, आणि पहिल्यांदाच माझे.

उद्याच्या पहिल्या एस.टी.ने आम्ही दोघी अचलपूरला जाणार. बाकीच्या दहा जणींपैकी सहा बाळंत झाल्या, सगळ्यांना एकेकच मूल झालं. उरलेल्या चौघी इथल्याच आहेत, त्यांना परत बोलावलंय. नसीमबानोचं काय झालं असेल ते ठाऊक नाही.

२३ फेब्रुवारी, अचलपूर

काल एस.टी. आसेगावला पाऊण तास थांबली. ड्रायव्हर चहा पीत होता. मी खाली उतरून त्याच्यासमोर नुसती उभी राहिले. त्याने बशीतला चहा टाकून दिला आणि गाडी सोडली.

घरात शिरलो तर नसीमबानोला पहाटेपासून कळा. नर्सबाई येऊन बसलेल्या. माझी नजर आधी कोनाड्याकडे, मग त्यांच्या हाताकडे. "ते कुपी कुठी हाये?" मी ओरडूनच विचारलं.

"तेच तं मी इचारून राहिली," नर्सबाई म्हणाल्या. "चिठ्ठी हाये, कुपी नाही."

बिस्मिल्लाबी तांब्यात पाणी ओतत होती. मान वर न करता म्हणाली, "आली त्याच रोजी फोडून टाकली. दोघं आत असतानी एकासाठी सुई कायची टोचता?"

चार दिवस मी ज्या कुपीपायी जळत होते ती तीन आठवड्यांपूर्वीच उकिरड्यावर गेली होती. मला हसू आलं नाही, रडू आलं. बाईंनी खांदा दाबला आणि नळ्या काढल्या.

दोन कळांच्या मध्ये, पाठीला पाठ लावून मोजले. बाई १३६, मी १५२. पुन्हा. १३८, १५४. बाई वळल्या आणि बिस्मिल्लाबीला म्हणाल्या, "दोन आहेत."

"मी काय सांगून राहिली होती," ती म्हणाली आणि पाणी तापवायला गेली.

पाणी जास्त, अंगात ताकद कमी, एस.टी.ने परत नेणं शक्य नव्हतं. दुपारी पहिली मुलगी झाली, सुरळीत, आणि आल्या आल्या भोकाड पसरलं. मग कळा थांबल्या. दुसरं आडवं. त्याच्याकडे डोकंही नव्हतं, पायही नव्हते, नुसती पाठ. बाईंनी हात आत घातला तेव्हा नसीमबानोने माझ्या दंडात नखं रुतवली. ती ओरडली नाही. "याले जाऊ नका देऊ," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. बाईंनी त्याचा पाय शोधला, वळवलं, आणि काढलं. मुलगा. निळसर, ओलं, मुकं.

इकडे आईला रक्त सुटलं. बाई तिच्यात गुंतल्या. मूल माझ्या हातात. तोंड साफ केलं, पाठ चोळली, नळी छातीला लावली. दोन बोटं रुंद छाती, नळीच त्याहून मोठी.

"किती?" बाईंनी मान न वळवता विचारलं.

कुणाचं बोट नव्हतं. मोजलं. "सत्तर."

"वाढतायत की कमी होतायत?"

मला ठाऊक नव्हतं. ते कळायला आणखी मोजावं लागणार होतं, आणि चुकीचं बोलले तर बाई आईला सोडून इकडे येणार होत्या, किंवा यायला हवं तेव्हा येणार नव्हत्या. मी पाठ चोळत राहिले, मोजत राहिले. पंचाहत्तर. नव्वद. "वाढून राहिले," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

त्या आल्या नाहीत. आईपाशीच राहिल्या. थोड्या वेळाने पोराने आधी शिंक दिली आणि मग रडलं, बहिणीइतकं नाही, पण रडलं. बाईंनी येताना नवी कुपी आणली होती, ती मला टोचायला सांगितली. टोचण्याआधी मी नसीमबानोच्या पोटावरून दोनदा हात फिरवून पाहिला, आत तिसरं तर नाही ना.

६ मार्च, अमरावती

दोन्ही लेकरं लहान, म्हणून बाईंनी आई-पोरांना इथे आणून ठेवलंय. कापसात गुंडाळून, दर दोन तासांनी चमच्याने दूध. नसीमबानोच्या चेहऱ्याला आता रंग आला आहे. चौघी जणींचं पुन्हा मोजून झालं, चारही एकेक. नागपूरचा कागद बाईंनी फाडला आणि दुसरा लिहायला घेतला, त्यात आम्ही काय चुकलो तेच आहे. माझं नाव आहेच. या वेळी ऱ्हस्व-दीर्घ कुणी विचारलं नाही.

बिस्मिल्लाबीचा रोजा चालू आहे. दिवसभर नातवंडांच्या पाळण्याशी बसलेली असते. दुपारी मी तिच्यापुढे जाऊन बसले. आठ दिवस टाळत होते. म्हटलं, "मावशी, त्या रोजी चूक डॉक्टरीणबाईची नवती. माही होती. मी लेकराचे ठोके मोजतच नवती."

"मालूम हाये," ती म्हणाली. "तू तिच्या बोटाकडे पाहून राहिली होती. आन मी तुह्याकडे पाहून राहिली होती."

माझे कान तापले. "मंग त्याच टायमाले बोलल्या काहून नाही?"

"बोलली ना. दोन हायेत म्हनलं. एकडाव नाही, दोन डाव." तिने पोराच्या तोंडावरची माशी हाकलली. "तू काय करत होती तवा?"

मी तेव्हा तिला शास्त्र सांगत होते.